लाल तोंडाचं बटन

माजं नाव वनिता. माहेर वज्रेश्वरीच्या पलीकडं, आतमधी, आनि सासर हितं खारबावच्या जवळ. बापूस माजा शेतकरी, भात काढलं की वाल पेरायचा, दुसरं काय ठावंच न्हवतं त्याला, आनि आमी सगळ्या पोरी त्याच्या हाताखाली चिखलात. तो एक गोष्ट नेहमी बोलायचा, काम कोनतं बी करा पन तोंड पाडून करू नका, तोंड पाडून लावलेलं रोप आडवं पडतं. आता रोपाला काय कळतंय लावनाऱ्याचं तोंड कसं हाय ते, पन आमाला पोरींना खरं वाटायचं, आमी चिखलात उभ्या राहून उगाच हसत ऱ्हायचो.

लगीन होऊन हितं आली तवा दाराम्होरं शेतंच व्हती. खाडीकडचा वारा सरळ चुलीपर्यंत यायचा. मंग एक गोडाऊन आलं, मंग त्याच्या बाजूला दुसरं, मंग काय, निळे पत्रेच पत्रे, आनि रस्त्यानं हे एवढाले ट्रेलर. आमचे हे तवापासून टेम्पो चालवतात, त्यांना बरं झालं. मी घरी. घरी म्हंजे बसून न्हाय बरं का, भिवंडीच्या निजामपुऱ्यातून लूमवरचं कापड यायचं, त्याचे लोंबते धागे कातरायचे, ते काम. मांडीवर कापड घ्यायचं आनि कातरत ऱ्हायचं, डोळ्यांतून पानी येईस्तवर. काम वाईट न्हवतं पन काय सांगू तुमाला दादा, दिवसभर बोलायला मानूस न्हाय. सासूबाई व्हत्या, पन त्यांचं बोलनं म्हंजे गॅस बंद केलास का, कोंबड्या झाकल्यास का. मी कापडाशी बोलायला लागली व्हती. खरंच सांगते, हसू नका.

तर आमच्या आळीतली एक बाई गोडावनात लागली, पॅकिंगला, आनि ती संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून उतरायची तवा हसत उतरायची. थकलेली असायची, पन हसत. मी बोलली, हिला तिथं काय घावलंय ते बघायलाच पायजे. सासूबाईंना विचारलं तर त्या बोलल्या, गोडावनात बायका काय करतात, गोडाऊन काय बायकांचं हाय? मी बोलली, आत्या, शेत तरी कुठं बायकांचं व्हतं, पन लावनी तर आपनच केली ना. त्या काय बोलल्या न्हाईत. न बोलनं म्हंजे त्यांची परवानगी.

पयल्या दिवशी गळ्यात कार्ड दिलं, त्याच्यावर माजा फोटो आनि माजं नाव. घरी आली तर सासूबाईंनी ते कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, त्यांना वाचता येत न्हाय पन फोटो बघितला, आनि बोलल्या, केस नीट विंचरून तरी जायचंस. दुसऱ्या दिवशी शेजारनीला सांगत व्हत्या, आमची सून कंपनीत हाय, कार्ड बिर्ड सगळं हाय तिला. माज्याकडं पाठ करून सांगत व्हत्या, मला आयकू जाऊ नये म्हनून, पन आवाज त्यांचा असा की स्टेशनवर आयकू जाईल.

काम म्हंजे असं, की आमच्या टेबलावर ट्रॉलीतून माल येतो, काय बी येतो, कुकर, चपला, बाळाची दुधाची बाटली, देवघराची घंटी. स्कॅन करायचा, बरोबर मापाचा खोका घ्यायचा, फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळायचं, टेप मारायची, वर चिठ्ठी चिकटवायची, पट्ट्यावर सोडायचा. झालं. पन मला त्यात लई मजा वाटायची, अजून बी वाटते. चिठ्ठीवरचं गाव बघायचं. कुठं आसाम, कुठं राजस्थान, कुठं आपलं जव्हार. काचेचं काय असलं की मी खोका सोडताना त्याच्यावर हात फिरवते आनि बोलते, नीट जा रे बाबा. बाजूची शबाना हसायची, बोलायची, वनिता आपा, वो खोका है, तुम्हारी सासुरवाशीन बेटी नहीं.

ही शबाना म्हंजे निजामपुऱ्याची. नवरा लूमवर. माज्यापेक्षा लहान, बारीक, पन तोंड असं चालतं की टेपच्या आवाजाच्या वर तिचा आवाज. मराठी बोलता बोलता हिंदीत जाते आनि हिंदीतून परत मराठीत येते, तिचं तिला कळत न्हाय, आता माजं बी तसंच झालंय. तिच्यात आनि माज्यात एकच टेप कापायची कात्री व्हती, तिच्यावरून आमी रोज भांडायचो. डबा मात्र एकत्र. तिला माजी वालाची उसळ पायजे आनि मला तिचा खिमा नको, मी माळकरी बापाची लेक, पन तिच्या हातची शेवई, वा, ती मी सोडली न्हाय कदी. तुमी मगाशी विचारलंत ना, नोकरीत काय आवडतं म्हनून. हेच आवडतं. घरी धागे कातरताना मी एकटी व्हती, हितं लाईन व्हती.

आमचा सुपरवायझर दुबेजी. जौनपूरकडचा. बायको गावाला, हा हितं खोलीवर एकटा, हातानं रांधून खातो. मानूस कडक, ए ताई जल्दी, ए ताई टार्गेट, दिवसभर लाईनीच्या कडेनं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. पन शिवी न्हाय, वाकडी नजर न्हाय. कुनाचं पोर आजारी असलं तर गेटवर स्वता जाऊन रिक्षा थांबवायचा. दुसऱ्या गोडावनांतल्या बायका आमाला बोलायच्या, तुमचा सुपरवायझर द्या आमाला आनि आमचा घ्या, वर एक कुकर फुकट. आमी बोलायचो, ठेवा तुमचा कुकर.

एक दिवस काय झालं, बाहेर पडायच्या दाराजवळ खांबावर एक मशीन लावलं. डब्यासारखं, त्याच्यावर तीन तोंडं. एक हिरवं, हसनारं. एक पिवळं, ना हसनारं ना रडनारं, आमच्या ह्यांच्यासारखं. आनि एक लाल, कपाळाला आठ्या घातलेलं. दुबेजी बोलला, ड्युटी सुटली की जाताना एक बटन दाबायचं, आजचा दिवस कसा गेला ते. हेड ऑफिसला कळतं. आमी बोललो, आमचा दिवस कसा गेला ते हेड ऑफिसला कशाला पायजे? तो बोलला, अब हमको क्या मालूम ताई, बोले हैं तो दबाओ.

मंग काय, दुबेजी तिथंच बाजूला उभा, आनि आमी रांगेत हिरवं, हिरवं, हिरवं. त्याच्या तोंडाम्होरं लाल कोन दाबनार? आनि खरं सांगू, वाईट बी न्हवता जात दिवस. शबाना तर त्या हसऱ्या तोंडाच्या गालावर टिचकी मारल्यासारखं दाबायची. कुनी तरी मशीनला हळदीकुंकू पन लावलं व्हतं दसऱ्याला, ते पुसायला लावलं.

आनि मंग एक दिवस कळलं की आमचं गोडाऊन सगळ्यात आनंदी गोडाऊन निघालं. केक आला. भिंतीवर चकचकीत पाटी लागली. दुबेजीच्या हातात एक काचेचा तुकडा दिला, त्याच्यावर नाव, आनि आमाला सगळ्यांना मागं उभं करून फोटो. त्या दिवशी दुबेजी असा हसत व्हता की आमाला कळलं ह्याला एक सोन्याचा दात हाय. फोटो त्यानं लगेच गावाला बायकोला पाठवला. आमाला बी आनंद झाला, का होनार न्हाय, घरातला मानूस परीक्षेत पास व्हावा तसं वाटलं.

पन पाय दुखायचे, दादा. आता हे मी तक्रार म्हनून सांगत न्हाय. उभ्यानं काम, पूर्न शिफ्ट उभ्यानं. जेवायच्या सुट्टीत टेकायचं तेवढंच. लाईनीत बसायला काय न्हाय, खुर्ची न्हाय, बाकडं न्हाय. तसा नियमच, बसलं की हात ढिला पडतो असं वरच्यांचं म्हननं. आमी घरी जाऊन पाय भिंतीला लावून पडायचो. मी पडली की सासूबाई न मागता कोमट पानी आनि मीठ आनून ठेवायच्या पायाशी, आनि ठेवताना बोलायच्या, केर राह्यलाय अजून. त्या तशाच हायेत. माया करतात पन पावती देत न्हाईत.

तर शबानाला दिवस गेले. लगीन होऊन बरीच वर्सं झाली व्हती, मधी एकदा पोट पडलं व्हतं, त्याच्यामुळं ही खबर आली तवा आमच्या टेबलावर मी आनि ती दोघी रडलो आनि दोघींनी मिळून एक खोका उलटा पॅक केला. नोकरी सोड असं तिला कुनी बोललं न्हाय, आनि सोडून चालनार पन न्हवतं, लूमचं काम तवा अर्धं बंद. पयले महिने निघून गेले. मंग पायाला सूज यायला लागली. तिची चप्पल पायात जाईना, नवऱ्याची चप्पल घालून यायची. मी दुबेजीला बोलली, दुबेजी, हिला काय तरी बसायला द्या. तो मागं गेला आनि एक प्लास्टिकचं क्रेट घेऊन आला, उलटं ठेवलं, वर खोक्याचा पुठ्ठा घातला. बैठ जाओ शबाना, बोलला, थोडा थोडा. शबाना बसली, आनि मला बोलली, आपा, जन्नत.

जन्नत टिकली थोडीशीच. वर कॅमेरे हायेत. वरच्या हापिसातून फोन आला आनि आमच्या देखत दुबेजीला आयकवलं, फोनवरच, पन आवाज आमाला येत व्हता. तो जी सर, जी सर करत ऱ्हायला. मंग येऊन त्यानं क्रेट उचललं. शबानाकडं न बघता उचललं. पुठ्ठा खाली पडला तो मी उचलला.

त्याच्या दोन-तीन दिवसांनंतरची गोष्ट असंल, दुपारच्या जेवनानंतर. मी टेप मारत व्हती, बाजूचं बोलनं थांबलं. शबानाचं बोलनं थांबलं म्हंजे काय तरी झालं हे बघायला लागत न्हाय. मी वळली तर ती टेबलाची कड धरून हळूहळू खाली चाललेली, कुनी दोर सोडावा तशी. मी धरली. डोकं माज्या मांडीवर, ओठ पांढरे. पानी मारलं, दुबेजी धावत आला, गाडी बोलावली. डाक्टर बोलला, बाळ बरं हाय, बाई बरी हाय, उभं राहायचं न्हाय. आनि ठेकेदाराचा मानूस बोलला, मंग आता घरीच आराम करू दे. आराम करू दे म्हंजे काय ते आमाला कळतं दादा. आमी ठेकेदाराची मानसं, आमाला काढायला कागद लागत न्हाय, उद्या गाडीत नाव न्हाय की झालं.

त्या संध्याकाळी रांगेत मी कितव्या नंबरवर व्हती ते काय ध्यानात न्हाय. पन मशीनम्होरं आली आनि ते हिरवं तोंड हसताना बघितलं, आनि मला लई राग आला. दुबेजीचा न्हाय. त्या तोंडाचा. मी बोलली, मेल्या तू कुनाला हसतोस? आनि लाल दाबलं. जोरात दाबलं, बोट दुखलं.

दुबेजी बाजूलाच व्हता. त्यानं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं न्हाय. म्होरं गेली, चपला घातल्या, आनि मागनं आवाज आयकला, बटनाचा. त्या लाल बटनाचा आवाज येगळा हाय, जरा जाड. मागची बाई आमच्याच आळीतली, तिनं लाल दाबलं. तिच्या मागच्या पोरीनं लाल. मी तर कुनाला काय बोलली न्हवती, शप्पथ. आमच्यात काय ठरलं बिरलं न्हवतं. पन सगळ्यांनी शबानाला खाली जाताना बघितलं व्हतं ना. गाडीतून उतरताना एक म्हातारी मावशी बोलली, मी पिवळं दाबनार व्हते, पन बोट लालवर गेलं, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी बी लाल. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मानूस आला, कुनी सुरू केलं म्हनून विचारायला. एक बोलली, दादा, मला चष्मा न्हाय, तोंडं सारकीच दिसतात. दुसरी बोलली, लाल रंग शुभ असतो म्हनून दाबलं. मी बोलली, मी दाबलं. तर तो माज्याकडं बघून बोलला, तुमी गप बसा मावशी, मी सुरुवात कुनी केली ते विचारतोय. त्याला माजं तोंड बघून खरंच वाटलं न्हाय. गरीब दिसायचा बी फायदा असतो.

दुबेजी मात्र बदलला. त्याला हापिसात बोलावून झाडलं असावं, भिंतीवरची पाटी त्याच्या दुसऱ्या दिवशी गायब. माज्या टेबलाजवळ येऊन उभा ऱ्हायला, खालच्या आवाजात बोलला, ताई, हमारी क्या गलती थी? मी बोलली, दुबेजी, तुमची न्हाय, ते बटन तुमच्यासाटी न्हवतंच. तो बोलला, लेकिन ऊपर नाम तो हमारा जाता है ना. आनि गेला. मंग माज्याशी बोलनं बंद. काम सांगायचं तर दुसरीला सांगायचा, वनिताताईला बोल. मी समोर उभी असली तरी. ते मला लई लागलं. रागावलेला सुपरवायझर चालतो, रुसलेला चालत न्हाय, रुसनं घरच्यांचं असतं.

मंग हेड ऑफिसातून मॅडम आली. मेघना मॅडम, तरनीताठी, पुन्याची, आमच्याशी सरळ मराठीत बोलली. आमच्यातल्या सात-आठ जनींना वरच्या खोलीत नेलं, एसीत, आनि बसा बोलली. दादा, मऊ खुर्च्या, चाकाच्या. आमी बसलो. मॅडम बोलली, तुम्हाला काय त्रास आहे ते मोकळेपणाने सांगा, मी कोणाचं नाव कळवणार नाही. कुनी काय बोलेना. मॅडमला वाटलं आमी घाबरलो. ती परत बोलली, घाबरू नका. आमी गपच. घाबरलो कुठं व्हतो, ड्युटीच्या वेळात आमचं बूड पयल्यांदा टेकलं व्हतं, त्याच्यात इतकं बरं वाटत व्हतं की बोलायचंच सुचेना. शेवटी ती म्हातारी मावशी बोलली, मॅडम, तुमी सावकाश विचारा, आमाला काय घाई न्हाय. आनि मंग जे हसू फुटलं ते फुटलंच. मॅडमला आधी कळेना, मंग मी सांगितलं, तवा ती पन हसली, आनि हसता हसता थांबली.

ती बोलली, म्हणजे तुम्हाला इथे काम करायला आवडत नाही का? मी बोलली, आवडतं मॅडम. आवडतं म्हनून तर लाल दाबलं. ज्या बाईला आवडत न्हाय ती बटन कशाला दाबत बसंल, ती जाते बाजूच्या गोडावनात, भिवंडीत गोडावनांना काय तोटा हाय? मला हितून जायचं न्हाय. मला शबाना परत बाजूला पायजे आनि आमाला टेकायला काय तरी पायजे, बस. मंग मी क्रेटची गोष्ट सांगितली. बोलली, दुबेजीनं दिलं व्हतं, त्याला वरून काढायला लावलं. त्याचा दोष काढू नका. तो तर आमच्यापेक्षा जास्त चालतो, आनि त्याला तर कुनी विचारत बी न्हाय, तुजा दिवस कसा गेला.

मॅडमनं ते सगळं लिवून घेतलं. मंग बोलली, मी शब्द देत नाही, माझ्या एकटीच्या हातात नाही, पण मांडते. जाताना दारात थांबून बोलली, लाल दाबलंत ते बरं केलंत, सगळं हिरवं असतं तर मला इथे कोणी पाठवलंच नसतं. मला ती आवडली. शब्द देत नाही बोलनारी मानसं मला आवडतात.

मंग बरेच दिवस काय न्हाय. आमी समजलो, गेलं वाऱ्यावर. मी शबानाकडं जाऊन यायची सुट्टीच्या दिवशी, निजामपुऱ्यात, गल्लीत लूमचा खटाखट आवाज, त्याच्यात ती खाटेवर पाय वर करून पडलेली आनि मला विचारायची, आपा, कात्री किसके पास है? मी बोलायची, माज्याकडंच, आता भांडायला कुनी न्हाय. ती बोलायची, संभालना, मैं आ रही हूँ. आनि मी तिच्या पायाकडं बघत ऱ्हायची, म्हनायची, ये बाई, ये.

आनि मंग एका सकाळी टेम्पोतून स्टुलं उतरली. उंच, गोल, खाली पाय ठेवायला दांडी. सगळ्यांना पुरतील एवढी न्हवती, दोघींत एक, आळीपाळीनं बसा असं सांगितलं. चालंल की! आमी त्या स्टुलांवर हात फिरवून बघत व्हतो, नवीन गाय आल्यावर बघतात तशा. आनि ज्या पोटुशा हायेत त्यांना पूर्न वेळ बसून काम, असा नवीन नियम पन आला. शबानाला फोन कुनी केला म्हाईत हाय? दुबेजीनं. माज्याशी बोलत न्हवता, पन तिला फोन करून बोलला, आ जाओ, तुम्हारी जगह रखी है.

शबाना आली, बसली, आनि शेवटच्या महिन्यापर्यंत काम केलं तिनं, टेपच्या वर आवाज चढवून. मुलगी झाली. गोरी गोरी, नाक मात्र बापाचं.

आता दुबेजीचं सांगते. आमी बायकांनी काय केलं, एक स्टूल त्याच्या फेरीच्या मधी, खांबापाशी नेऊन ठेवलं. त्यानं बघितलं. बोलला, ये किसका है? आमी बोललो, तुमचं. बोलला, मैं ड्यूटी पे नहीं बैठता. आनि फेऱ्या सुरू. रोज त्या स्टुलाला वळसा घालून जायचा, देवळाला घालतात तसा. आमी पन उचललं न्हाय, दोघींत एक असूनसुद्धा. शबाना बोलायची, देखना आपा, बैठेगा. मी बोलायची, न्हाय बसनार, ताठ मानूस हाय.

एके दिवशी सनाचा माल व्हता, ट्रॉल्यांवर ट्रॉल्या, सगळ्यांची कंबर मोडलेली. च्याची वेळ झाली. मी सहज बघितलं तर दुबेजी स्टुलावर. बसलेला. बूट काढून एका पायाचा तळवा चोळत व्हता. मी कोपरानं बाजूच्या बाईला डिवचलं, तिनं पलीकडचीला, अशी सगळी लाईन कळली, आनि सगळ्यांनी माना खाली घातल्या, जसं काय कुनाला काय दिसलंच न्हाय. च्या घ्यायला पन कुनी गेलं न्हाय, तो उठंल म्हनून. खोके सरळ करत बसलो. मला हसू आवरेना, टेप तोंडासमोर धरली. तर तो मान वर न करता बोलला, वनिताताई, हँस क्यों रही हो, टेप खतम हो गया क्या?

माजं नाव घेतलं, दादा, किती दिवसांनी. माज्या डोळ्यांत पानीच आलं. मी बोलली, न्हाय दुबेजी, टेप लई हाय. तो बोलला, तो ठीक है. बस, एवढंच. पन त्याच्यानंतर सगळं नीट.

ह्या थंडीत त्याची बायको गावावरून आली, पयल्यांदाच. आमी बोललो, हिला खोलीत डांबून ठेवू नका, अकलोलीला नेऊ. माज्या माहेरच्या वाटेवरच हाय ते, गरम पान्याची कुंडं. आमच्या ह्यांचा टेम्पो काढला, मागं सतरंजी टाकली, सगळी लाईन त्याच्यात, शबाना पोरीला घेऊन, सासूबाई बी आल्या, मला काय नको बोलत बोलत सगळ्यात आधी चढून बसल्या. कुंडाच्या कडेला आमी रांगेत पाय सोडून. दुबेजीनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, त्याचे पाय केवढे गोरे, आमी तोंड फिरवून हसलो. त्याची बायको लाजरी, डोक्यावरून पदर, पन हळूच मला बोलली, आप ही वनिताताई हैं ना? ये फोन पे रोज बताते हैं, आज वनिताताई ने ये बोला, आज शबाना ने वो बोला. मेरे को तो सबका नाम याद है. आनि तिनं खरंच एकेकीकडं बोट करून नावं घेतली, एक पन चुकली न्हाय. दुबेजी पान्याकडं बघत ऱ्हायला.

मी ठरवलं व्हतं आज कामाचं नाव न्हाय काढायचं. पन थोड्या वेळानं कुनी तरी बोललं, तो मोठा खोका संपलाय, सोमवारी मागवायला पायजे, आनि झालं सुरू, टेप, ट्रॉली, कुठल्या पट्ट्याचा आवाज येतो, सगळं. सासूबाई बोलल्या, अगं पान्यात तरी गप बसा. तर शबानानं पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं आनि बोलली, लो दादी, इसको चुप कराओ, हम लोग मीटिंग में हैं. आनि सासूबाईंनी पोरीला घेतलं, छातीशी धरलं, आनि तिच्या कानात काय तरी गुनगुनायला लागल्या, ते मी आमच्या घरात कदी आयकलं न्हवतं.

आता बोलतात की बाजूच्या गोडावनात खोके भरायचं मशीन आलंय, मानूस लागत न्हाय. आज ना उद्या आमच्याकडं पन येईल. नव्या पोरी घाबरतात. मी त्यांना बोलते, येईल तवा बघू, आज आधी खोक्याचा कोपरा नीट दाब. मला काय म्हाईत कुठवर चालंल. गुडघे बोलायला लागलेत. पन सकाळी गाडीचा हॉर्न वाजला की पाय आपोआप दाराकडं जातात, हे खोटं न्हाय. तुमी विचारलंत तर सांगते, मी सुखी हाय का? कधी हाय, कधी न्हाय, जसं घर असतं तसं. एवढंच मागनं हाय माजं, माज्यासाटी बी आनि तुमच्यासाटी बी दादा, की कुठं बी राबा, पन घरची वाट धराल तवा अंगात घरच्यांसाटी थोडं हसू उरलेलं असू दे.